मोबाइलने पॉवर उतरवली, नेटवर्कला कळली का? पॉवर हेडरूम रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

फोन हातात घट्ट धरला की अपलिंकचा (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या डेटाचा) वेग निम्म्यावर येतो आणि टेबलावर ठेवला की पुन्हा सुरळीत होतो. अशी तक्रार आली की पहिला संशय अँटेनावर जातो. पण अनेकदा अँटेना ठणठणीत असतो. शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेची मर्यादा पाळण्यासाठी फोनने स्वतःच पॉवर उतरवलेली असते. भारतात सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा १ ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॅट प्रति किलो आहे. अमेरिकेतही तीच आहे, तर युरोपात १० ग्रॅममागे २ वॅट प्रति किलो. मिलिमीटर वेव्हची (५जीच्या अतिउच्च वारंवारतेची) ऊर्जा त्वचेच्या वरच्या थरातच जिरते, म्हणून तिथे पॉवर डेन्सिटी मोजतात. अमेरिकी नियामक एफसीसीची सामान्य लोकांसाठीची मर्यादा १० वॅट प्रति चौरस मीटर आहे.

मोबाइल मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या भाषेत फोनने केलेल्या या पॉवर कपातीला पी-एमपीआर म्हणतात. ती कधी आणि किती करायची हे मानकाने फोन बनवणाऱ्यांवर सोडले आहे, पण ती नेटवर्कला कळवायची कशी हे ठरवून दिले आहे. त्यासाठी आहे पॉवर हेडरूम रिपोर्ट, म्हणजे पीएचआर: कमाल पॉवरपर्यंत फोनकडे किती वाव (हेडरूम) उरला आहे ते तो सांगतो, ऋण आकडा म्हणजे पॉवर कमी पडते आहे. फोन तो बहुधा बिनचूक पाठवतो. घोळ होतो तो वाचणाऱ्याकडून आणि टायमर लावणाऱ्याकडून.

एलटीईचा (४जी) तक्ता एनआरला (५जी) लावणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती सहजासहजी दिसतही नाही. हेडरूम ६ बिटांत येते, म्हणजे ० ते ६३ मधला एक आकडा. एलटीईत त्या आकड्यातून २३ वजा केले की डीबीतली खालची सीमा मिळते. एनआरमध्ये ३३ वजा करावे लागतात. शिवाय एनआरमध्ये आकडा ५५ पासून, म्हणजे २२ डीबीच्या वर, पायरी १ ऐवजी २ डीबीची होते आणि ६३ चा अर्थ ३८ डीबी किंवा जास्त असा होतो. जुने एलटीईचे पार्सर (बाइट उलगडणारे प्रोग्रॅम) थोडेफार बदलून एनआरला वापरले की बरोबर १० डीबीची चूक आत शिरते.

एक उदाहरण बिटांसकट पाहू. सिंगल एंट्री पीएचआर दोन बाइटांचा असतो. समजा एफआर२ (मिलिमीटर वेव्ह) सेलवर, एमपीई रिपोर्टिंग (शरीरावर पडणाऱ्या ऊर्जेच्या मर्यादेसाठी केलेली कपात कळवणे) चालू असताना, हे दोन बाइट आले:

१००११११०
०११०११०१

पहिल्या बाइटचा पहिला बिट पी, तो १ आहे. दुसरा राखीव. उरलेले ०११११० म्हणजे ३०. एनआरच्या तक्त्यात ३० चा अर्थ हेडरूम −३ ते −२ डीबी. दुसऱ्या बाइटचे पहिले दोन बिट एमपीईचे, ०१, म्हणजे कपात ६ ते ९ डीबीच्या मधली. उरलेले १०११०१ म्हणजे ४५, आणि पीसीमॅक्ससाठी (फोन त्या वेळी वापरू शकतो ती कमाल पॉवर) ३० वजा करायचे: १५ ते १६ डीबीएम.

हाच ३० एलटीईच्या तक्त्याने वाचला तर हेडरूम +७ डीबी दिसते. फोनची पॉवर आधीच २-३ डीबीने कमी पडत असताना बेस स्टेशनचा शेड्यूलर त्याला आणखी रिसोर्स ब्लॉक (वारंवारतेचे तुकडे) आणि वरचे मॉड्युलेशन देतो. मग ब्लॉक एरर वाढतात आणि खापर रेडिओवर फुटते. पीसीमॅक्सचा तक्ता दोन्हीकडे सारखाच असल्याने तो आकडा ठीक दिसतो आणि शंका येत नाही. पार्सर तपासायला सोपा उपाय: फोन सेलच्या टोकाला न्या, मोठी ग्रँट (अपलिंकवर पाठवायची परवानगी) द्या आणि हेडरूम ऋण होते का पाहा. टोकालाही ती कधीच शून्याखाली जात नसेल, तर आधी तक्ता तपासा. वायरशार्कमध्ये एनआर मॅकचा डिसेक्टर आहे, तेच बाइट त्यातून काढून ताडून बघता येतात.

पी बिट शून्य, म्हणजे कपात नाही असे समजणे

पी बिटचा अर्थ परिस्थितीप्रमाणे बदलतो. एफआर१ मध्ये (मिलिमीटर वेव्हच्या खालचे पट्टे), किंवा एमपीई रिपोर्टिंग लावलेले नसेल तर, नियम असा: पॉवर मॅनेजमेंटची कपात नसती तर पीसीमॅक्स वेगळा आला असता का? आला असता तर पी १. कपात १ डीबीची असो वा ८ ची, बिट तोच, आकार कळत नाही.

एफआर२ मध्ये एमपीई रिपोर्टिंग चालू असेल तर ३ डीबीपेक्षा कमी कपातीला पी ० च राहतो. ३ डीबी किंवा जास्त झाली की तो १ होतो आणि शेजारचे दोन एमपीई बिट पट्टा सांगतात: ०० म्हणजे ३ ते ६, ०१ म्हणजे ६ ते ९, १० म्हणजे ९ ते १२, ११ म्हणजे १२ किंवा जास्त. म्हणून एमपीई ०० पाहून 'कपात शून्य' अशी नोंद करणारा डॅशबोर्ड धडधडीत चूक सांगत असतो. पी १ असेल तरच एमपीईचे बिट वाचायचे, नाहीतर ते सोडून द्यायचे.

आणखी एक खाच. मानकाच्या रिलीज (आवृत्ती) १५ च्या सिंगल एंट्री पीएचआरमध्ये पी बिट नव्हताच, ती जागा राखीव होती. पी आणि एमपीई तिथे रिलीज १६ मध्ये आले. जुन्या फोनचा तिथला ० हे उत्तर नव्हे. अनेक सेलसाठीच्या मल्टिपल एंट्री प्रकारात पी आधीपासून आहे.

पी-एमपीआर आणि एमपीआर यांची बेरीज करणे

पीसीमॅक्सच्या खालच्या सीमेच्या सूत्रात एकीकडे एमपीआर (मॉड्युलेशनप्रमाणे मिळणारी कपातीची सवलत) आणि ए-एमपीआर (नेटवर्क सिग्नलिंगने येणारी जादा सवलत) यांमधला मोठा आकडा, त्यात काही छोट्या सवलती मिळवून, आणि दुसरीकडे पी-एमपीआर असतो. या दोघांत जो मोठा तोच वजा होतो, दोन्ही नाही.

२३ डीबीएमचा पॉवर क्लास ३ चा फोन घ्या. सीपी-ओएफडीएम तरंगरूपात २५६ क्वॅम या वरच्या मॉड्युलेशनला एमपीआर ६.५ डीबीपर्यंत मिळतो. पी-एमपीआर ५ असेल तर तो यात बुडून जातो: २३ वजा ६.५, म्हणजे १६.५ डीबीएम, आणि पी बिट ०. आता शेड्यूलरने क्यूपीएसके या खालच्या मॉड्युलेशनवर, चॅनेलच्या आतल्या भागात ग्रँट दिली. तिथे एमपीआर १.५ पर्यंतच. शेड्यूलर २१.५ डीबीएमची अपेक्षा धरून बसतो, पण आता पी-एमपीआर वर येतो आणि फोन १८ लाच थांबतो, पी १. कपात आधीपासूनच होती, फक्त झाकलेली होती. मॉड्युलेशन उतरवल्यावर पी बिट अचानक उठला तर फोनचा सेन्सर बिघडला असा निष्कर्ष काढायची घाई नको.

व्हर्च्युअल रिपोर्टमधून कपात शोधणे

मल्टिपल एंट्री पीएचआरमध्ये प्रत्येक सेलसाठी व्ही बिट असतो. व्ही १ म्हणजे त्या सेलवर प्रत्यक्ष ट्रान्समिशन नव्हते, हेडरूम ठरावीक संदर्भ फॉरमॅटवर काढली. त्या गणितात एमपीआर, ए-एमपीआर आणि पी-एमपीआर तिन्ही शून्य धरतात, आणि पीसीमॅक्स व एमपीईचा बाइट पाठवलाच जात नाही. म्हणजे फोन प्रत्यक्षात १० डीबी खाली असला तरी हा रिपोर्ट ऐसपैस हेडरूम दाखवेल. आणि बाइट गाळला आहे हे न पाहता पुढे वाचणारा पार्सर तिथून पुढच्या सगळ्या सेलचे आकडे एक घर सरकवून टाकतो.

एनएसए (४जी आणि ५जी एकत्र) जोडणीत एलटीई आणि एनआर एकाच वेळी प्रसारण करतात आणि शोषणाची मर्यादा मात्र दोघांना मिळून एकच. दुसऱ्या सेलगटाची हेडरूम प्रत्यक्ष हवी की व्हर्च्युअल, हे कॉन्फिगरेशनमध्ये ठरते. ते व्हर्च्युअलवर ठेवले असेल तर दुसऱ्या गटावर काय चालले आहे ते यातून समजणार नाही.

रिपोर्ट 'लगेच येईल' अशी अपेक्षा

पीएचआर ट्रिगर झाला तरी फोन त्यासाठी स्वतःहून शेड्यूलिंग रिक्वेस्ट पाठवत नाही. नव्या ट्रान्समिशनसाठी ग्रँट मिळाली आणि तिच्यात जागा उरली, तरच तो जातो. रिट्रान्समिशनवर जात नाही. त्यामुळे फोन शांत असताना झालेली कपात पुढच्या ग्रँटपर्यंत कळत नाही, आणि पहिलीच मोठी ग्रँट फसते. बराच वेळ गप्प राहिलेल्या फोनला, विशेषतः एफआर२ वर, पहिली ग्रँट बेताचीच द्यावी.

टायमरचे तीन आकडे एकत्र पाहा. पॉवर मॅनेजमेंटमुळे झालेल्या बदलाचा ट्रिगर दोन अटींवर चालतो: प्रोहिबिट टायमर (एका रिपोर्टनंतर दुसरा काही वेळ रोखणारा) संपलेला हवा, आणि बदल पॉवर फॅक्टर चेंजपेक्षा जास्त हवा. या दुसऱ्या आकड्याला १, ३, ६ डीबी किंवा अनंत हे चारच पर्याय आहेत. सिग्नलिंग वाचवायला कोणी अनंत लावले तर हा ट्रिगर बंद पडतो, पाथलॉसचाही (वाटेतल्या सिग्नलच्या घटीचा) बंद पडतो, आणि उरतो फक्त ठरावीक वेळाने रिपोर्ट पाठवणारा पिरिऑडिक टायमर. तोही अनंत असेल तर कॉन्फिगरेशन बदलेपर्यंत किंवा नवा सेल जोडला जाईपर्यंत काहीच येणार नाही. सुरुवातीला प्रोहिबिट २० ते ५० सबफ्रेम (प्रत्येकी १ मिलिसेकंद), पिरिऑडिक १०० ते २०० आणि बदल ३ डीबी ठेवावा, मग लॉग पाहून हलवावे. प्रोहिबिट १००० ठेवला की कपातीची बातमी पूर्ण सेकंद अडून राहू शकते. मिलिमीटर वेव्हवर तेवढ्यात लिंक तुटलेली असते.

एफआर२ साठी एमपीईचा स्वतंत्र थ्रेशोल्ड आणि स्वतंत्र प्रोहिबिट टायमर आहे. थ्रेशोल्ड ३, ६, ९ किंवा १२ डीबी. १२ लावला तर ९ डीबीची कपातही हा ट्रिगर उठवणार नाही. कारण नसेल तर ३ च ठेवा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. काही दहा मिलिसेकंदांपुरतीच कपात सैल झाली तर फोनने त्यासाठी ट्रिगर टाळावा आणि दुसऱ्या कारणाने जाणाऱ्या रिपोर्टमध्येही ती तात्पुरती सुटका दाखवू नये, असे मानकच सुचवते. म्हणून पॉवर मीटरवर क्षणभर उडी दिसली आणि पीएचआरमध्ये नाही, तर ती चूक नव्हे.

पीसीमॅक्स उतरला की दोष पी-एमपीआरलाच देणे

पीसीमॅक्स खाली येण्याची कारणे अनेक आहेत. लॉगमध्ये पी बिट, आरएसआरपी (फोनला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) आणि ग्रँट शेजारी शेजारी ठेवली की बरीच गुंतागुंत सुटते.

आरएसआरपी जागच्या जागी, पीसीमॅक्स खाली, पी १: शोषण मर्यादेची कपात असण्याची शक्यता सर्वाधिक. आरएसआरपी पडला आणि पीसीमॅक्स तसाच: हाताने किंवा डोक्याने सिग्नल अडवला आहे, कपात नाही. पीसीमॅक्स खाली पण पी ०: आधी सेलने दिलेली कमाल पॉवर पाहा, मग मॉड्युलेशनचा एमपीआर, मग नेटवर्क सिग्नलिंगने आलेला ए-एमपीआर.

यांपैकी कशानेच उलगडा होत नसेल आणि फोन २६ डीबीएमचा, म्हणजे पॉवर क्लास २ चा असेल, तर वेळेतला अपलिंकचा वाटा मोजा. एफआर१ मध्ये अशा फोनने आपली कमाल अपलिंक ड्यूटी सायकल ६० ते १०० टक्क्यांमध्ये कळवलेली असते. न कळवल्यास ५० टक्के धरतात. वाटा त्याहून वाढला की फोन क्लास ३ सारखा वागू लागतो, म्हणजे ३ डीबी थेट कमी. मूळ हेतू तोच, शोषण आटोक्यात ठेवणे. पण सूत्रात हे पॉवर क्लासचे पद आहे, पी-एमपीआर नव्हे. पीसीमॅक्स बरोबर ३ डीबीने खाली आणि पी ० दिसला की इथे शोधा. नेहमीच्या टीडीडी (एकाच पट्ट्यात अपलिंक-डाउनलिंक आळीपाळीने) मांडणीत अपलिंकचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास असल्याने हे क्वचित घडते. अपलिंकला झुकलेल्या खासगी नेटवर्कमध्ये मात्र सर्रास.

एफआर२ मध्ये ड्यूटी सायकलची क्षमता १५ टक्क्यांपासून सुरू होते आणि हिशेब कोणत्याही १ सेकंदाच्या खिडकीत होतो. ती ओलांडली तरी फोन ग्रँट पाळतो, पण पी-एमपीआर लावू शकतो. फोनने २० टक्के कळवले असताना शेड्यूलर २५ टक्के वापरत असेल तर कपात आपणच ओढवून घेतो. क्षमतेचा आकडा शेड्यूलरपर्यंत पोचतो का, हे आधी तपासा. बेस स्टेशन तो वाचून नुसता साठवते असेही आढळते.

एफआर२ चा पीसीमॅक्स म्हणजे ईआयआरपी (अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणारी पॉवर) नव्हे, हेही इथेच. तो आरएसआरपी मोजण्याच्या संदर्भबिंदूला धरलेला आकडा आहे, त्यात अँटेनाचा गेन मिळवून मर्यादेशी तुलना करू नका.

कपात कळल्यावर तिच्याशी झुंजणे

पॉवर कंट्रोल कमांडने 'वाढव, वाढव' सांगत राहणे व्यर्थ आहे. फोन कमालीवरच आहे. हेडरूम −३ असेल तर ६४ रिसोर्स ब्लॉकचे ३२ करा, प्रत्येक ब्लॉकची पॉवर ३ डीबीने परत मिळते. मात्र हेडरूम ज्या ग्रँटवर मोजली तिच्या ब्लॉकसंख्येशीच हिशेब जोडा, नंतरच्या ग्रँटशी नको. एफआर२ वर दुसरा मार्ग वेळेचा: अपलिंक स्लॉट निम्मे केले की सरासरी ऊर्जाही निम्मी होते आणि फोनला पॉवर उतरवायची गरज कमी होते. तिसरा मार्ग बीम बदलण्याचा. बोट एका अँटेना पॅनेलवर असेल तर दुसऱ्या बीमवर कपात लागणारही नाही. रिलीज १७ मध्ये फोन १ ते ४ बीमसाठी स्वतंत्र पी-एमपीआर कळवू शकतो, ते खास यासाठीच. फोन आणि बेस स्टेशन दोघांकडे सोय असेल तर ती चालू करा.

लॅबमध्ये सेन्सर चालू ठेवून पॉवर मोजणे

केबल जोडून केलेल्या कन्फॉर्मन्स चाचणीत पी-एमपीआर ० डीबीच धरायचा असतो. पण धातूच्या फिक्स्चरमुळे किंवा जवळ ठेवलेल्या हातामुळे कपॅसिटिव्ह ग्रिप सेन्सर उठतो आणि फोन नापास होतो. टेस्ट मोडमध्ये सेन्सर बंद आहेत का, ते मोजणीआधी पीएचआरमधूनच पाहा: पी १ दिसला तर थांबा.

याउलट सेन्सर बंद असूनही पूर्ण पॉवरच्या सलग ट्रान्समिशनमध्ये पीसीमॅक्स काही सेकंद वर, मग खाली, पुन्हा वर, असा चालत असेल तर ते वेळेवर सरासरी काढणारे अल्गोरिदम आहे. एफसीसीच्या मार्गदर्शनात सरासरीची खिडकी ३ गिगाहर्ट्झखाली १०० सेकंद, ३ ते ६ मध्ये ६० सेकंद आणि २४ ते ४२ मध्ये फक्त ४ सेकंद आहे. बँडच्या खिडकीपेक्षा कमी वेळ मोजले तर कधी वरचा तुकडा हाती येतो, कधी खालचा, आणि दोन चाचण्यांचे आकडे जुळत नाहीत. किमान दोन-तीन खिडक्या पूर्ण होऊ द्या, आणि फोन आधी काय करत होता याचीही नोंद ठेवा, कारण मागच्या ट्रान्समिशनचा हिशेब नव्या चाचणीच्या सुरुवातीला तसाच चालू असतो.