उद्यमबागेत काम सांगायचं कसं: नव्या सुपरवायझरसाठी

डिप्लोमा किंवा व्हीटीयूची (तंत्रज्ञान विद्यापीठाची) डिग्री घेऊन बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या एखाद्या मशीन शॉपला लागलात की ड्रॉइंग, गेज, प्रोग्रॅम हे सगळं शिकवायला कोणी ना कोणी भेटतं. मग हाताखाली चार माणसं येतात. त्यांना काम कसं सांगायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. माझी नोकरी हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या करणाऱ्या शॉपवर झाली, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

नव्या हेल्परला म्हणालात, "हे पीस नीट डीबर कर रे," म्हणजे कडांना राहिलेली धातूची कुसळं (बर) काढ. तो करतोच. बाहेरच्या कडांवरून फाईल फिरवतो, हाताला काही लागत नाही ना बघतो, पेटी भरून ठेवतो. त्याच्या लेखी काम नीट झालं. व्हॉल्व्ह बॉडीत खरी भानगड आत असते. आडवं भोक मुख्य बोअरला (मधल्या मोठ्या भोकाला) जिथं फुटतं, त्या तोंडावर बर राहतो. पुढं तेलाच्या प्रेशरनं तो सुटतो आणि बोअरमध्ये सरकणारा दांडा, म्हणजे स्पूल, जाम होतो. हेल्परनं स्पूल बसवलेला व्हॉल्व्ह कधी बघितलेलाच नसतो, त्याला हे कुठून कळणार?

म्हणून असं सांगा: "आतली चारही क्रॉस होल बघायची. ब्रश फिरव, हवा मार, मग टॉर्च लावून बघ. दोऱ्यासारखं काही चमकलं तर परत ब्रश. ते सुटलं की आतला स्पूल अडकतोय." सोबत एक झालेला आणि एक न झालेला पीस त्याच्या हातात द्या. कारण सांगायला अर्धा मिनिट जातो, पण उद्या पाच होलांची बॉडी आली तर पाचवं होल तो आपणहून बघतो.

लेथवर निम्मं आयुष्य काढलेल्या मामांना असं सांगायला गेलात तर ते गप्प ऐकतील आणि जेवणाच्या सुट्टीत तुमची नक्कल करतील. इन्सर्ट (कापायची टीप) कुठला, फीड (टूल सरकायचा वेग) किती, हे त्यांच्यावर सोडा. त्यांना हवं असतं ते मशीनपर्यंत न पोचलेलं, ऑफिसातच राहिलेलं: "मामा, बोअर २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१. पुढं होनिंग नाही, हाच फिनिश साईज. दुपारच्या टेम्पोला ४० पीस पाहिजेत." यातलं होनिंगचं (बोअर शेवटी घासून मापाला आणण्याचं) वाक्य गाळलंत तर सवयीनं ते होनिंगसाठी माल ठेवतील, म्हणजे बोअर जरा लहान सोडतील. ती त्यांची चूक म्हणता येत नाही.

माप कसं घ्यायचं तेही ठरवून द्यावं लागतं. मशीनवरून नुकताच काढलेला गरम पीस मोठा दाखवतो. २५ मिमीच्या बिडाच्या बोअरला २० अंशांचा फरक म्हणजे साधारण ५ मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग), आणि वरच्या मापात आपल्याला सूट आहे ती सगळी मिळून २१. "मोजून घ्या" एवढ्यावर भागत नाही. "गार झाल्यावर बोअर गेजनं, दर दहाव्या पीसला" असं म्हणा.

थांबायचं कुठं, हे नवे लोक हमखास विसरतात. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी) निघणारच. बोअरमध्ये दिसलं की खडूनं गोल करून पीस लाल पेटीत, आणि लागोपाठ तीन निघाले तर मशीन बंद करून मला फोन. हा तीनचा आकडा दिला नाही तर एक ऑपरेटर पीसामागं बोलावतो आणि दुसरा संध्याकाळी भरलेली लाल पेटी दाखवतो. मला विचाराल तर दुसरा जास्त महागात पडतो.

"समजलं काय?" असं विचारू नका. "हो साहेब" याशिवाय उत्तर येत नाही, विशेषतः चार जण ऐकत असतील तर. त्यापेक्षा विचारा, "पहिला पीस निघाला की काय करणार?" उत्तरात "क्वालिटीला दाखवून सही घेणार" आलं तर ठीक. "दुसरा लावणार" आलं तर परत सांगा, आवाज न चढवता.

आपल्याकडे एकाच शिफ्टला खानापूरचा मराठी, बैलहोंगलचा कन्नड आणि उत्तरेकडचा हिंदी बोलणारा असतो. लांब व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा ड्रॉइंगचा फोटो काढा, लागणाऱ्या मापाला लाल गोल करा. आकडे ड्रॉइंगवरचेच ठेवा, ते सगळ्यांना वाचता येतात.

शिफ्टच्या मध्येच माप किंवा संख्या बदलली तर ज्याला आधी सांगितलं त्यालाच स्वतः जाऊन सांगा, दुसऱ्याकरवी निरोप नको. मशीनवरच्या जॉब कार्डावर जुना आकडा खोडा, नवा लिहा, शेजारी वेळ आणि सही टाका. रात्रपाळीचा माणूस येईल तेव्हा तुम्ही घरी गेलेले असता. त्याला ते कार्डच वाचायचं असतं.