मुरघासात कल्चर टाकताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात यावल-रावेरकडच्या गोठ्यांतली नेहमीची तक्रार: बॅग उघडली तेव्हा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) झकास होता, दोन-तीन दिवसांत गरम झाला, मग बुरशी आली. राग निघतो कल्चरच्या, म्हणजे चारा आंबवायला घालायच्या जिवाणूंच्या, पुडीवर. पुडी बहुधा खराब नसते, आपल्या गरजेची नसते.

कल्चरचं बरंच ज्ञान थंड देशांतल्या गवताच्या मुरघासातून आलंय. तिथली अडचण सुरुवातीलाच असते. थंडीत गवतावर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कमी आणि त्यांची वाढही मंद, म्हणून झटपट आम्ल करणारे लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरमसारखे जिवाणू बाहेरून घालतात. आपल्या मक्यात साखर भरपूर आणि हवा उबदार, त्यामुळे आंबायला तो सहसा लवकर लागतो. आपलं नुकसान होतं बॅग उघडल्यावर. हवा लागताच यीस्ट ते लॅक्टिक आम्लच खाऊन टाकतं, मुरघास तापतो, मागोमाग बुरशी येते. यीस्टला आवरतं ॲसिटिक आम्ल, आणि ते करतो लॅक्टोबॅसिलस बुकनेरी.

म्हणून पुडीवरची जिवाणूंची नावं वाचूनच घ्या. खान्देशात एप्रिल-मेमध्ये खाऊ घालायच्या मक्याच्या मुरघासाला बुकनेरी हवाच, हे मी ठामपणे सांगेन. फक्त त्याचं काम सावकाश चालतं. बॅग ४५ ते ६० दिवस बंद ठेवा. तीन आठवड्यांत उघडली तर त्याचा फायदा जवळजवळ मिळतच नाही.

पाण्यात तर फार जण चुकतात. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या नळाच्या पाण्यात जिवाणू मरतात, विहिरीचं घ्या. उन्हात तापलेल्या टाकीचंही नको. तणनाशकाचा फवारणी पंप धुऊनसुद्धा वापरू नका. कालवलेलं कल्चर त्याच दिवशी संपवा, आणि पुडी तोवर सावलीत, थंड जागी असू द्या. मोटरसायकलच्या डिक्कीत तिची दुपार गेली तर अर्धे जिवाणू तिथेच गेले समजा. खड्डा भरून झाल्यावर वरून बादलीभर ओतणंही निरुपयोगी, कारण जिवाणू स्वतःहून खाली पोचत नाहीत. कुट्टीच्या (बारीक कापलेल्या चाऱ्याच्या) प्रत्येक थरावर फवारा.

मुरघासाला उग्र, कुजकट वास येत असेल तर मका हिरवा कापला गेला, ओल जास्त राहिली. कुट्टी मुठीत घट्ट दाबा: पाणी टपकलं तर थांबा, हात नुसता ओलसर झाला तर भरा. दाण्यावरची दूधरेषा (घट्ट पिवळा भाग आणि दुधाळ भाग यांच्यामधली रेघ) निम्म्यावर आली की साधारण ही वेळ येते. नेपिअर गवत मात्र आधी सुकवा आणि त्यात गूळ मिसळा, त्यात साखर कमी असते.

दाबण्यात कसूर झाली असेल, आत हवा राहिली असेल, तर कुठलंच कल्चर वाचवत नाही.

बॅग उघडल्यावर रोज वरचा अख्खा थर काढा, मधेच खड्डा पाडू नका, तोंड लगेच बांधा. बुरशी आलेला भाग ढोरांना घालू नका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं, आणि ते दूध घरातली लेकरंही पितात.