४८ तासांनी प्लेट फेकू नका

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी घरच्या शेताच्या बांधावरची माती आणली होती. ज्वारी निघाल्यानंतरची, काळी. एक ग्रॅम माती घेतली, दहा-दहा पटींनी पातळ करत नेली, न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे जिवाणूंचं अन्न मिसळलेल्या जेलीवर, पसरली आणि प्लेट्स ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दोन दिवसांनी कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे नुसत्या डोळ्यांना दिसणारे पुंजके, मोजल्या. ग्रॅमला साधारण चाळीस लाख. आकडा वहीत लिहिला आणि प्लेट्स ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) टाकून दिल्या, कारण आमच्याकडे तसाच नियम होता.

त्याच आठवड्यात एका सीनियर ताईने तीच माती ॲक्रिडिन ऑरेंज या चमकणाऱ्या रंगाने रंगवून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली दाखवली. काळ्याभोर अंधारात हिरवे-नारिंगी ठिपके, मातीच्या कणांना बिलगून बसलेले, काही एकेकटे, काही जोडीने. तिने ते मला मोजायला लावले. ग्रॅमचा हिशेब शंभर कोटींवर गेला. म्हणजे प्लेटवर मला भेटले ते हजारातले चार. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी ज्याला ‘मातीतले जिवाणू’ म्हणून वहीत लिहिलं होतं, ती फक्त माझ्या प्लेटवर यायला तयार असलेल्यांची यादी होती.

या तफावतीला नाव आहे. १९८५ साली जेम्स स्टॅली आणि ॲलन कोनोप्का यांनी तिला ‘ग्रेट प्लेट काउंट ॲनॉमली’ म्हटलं. तुम्ही या क्षेत्रात आलात की ‘फक्त एक टक्का जिवाणू वाढतात’ हे वाक्य पहिल्याच महिन्यात कानावर पडेल. ते जसंच्या तसं थिसिसमध्ये उतरवू नका. ठिपक्यांमध्ये मेलेल्या पेशीही रंगतात, आणि टक्केवारी सॅम्पल कुठलं आणि मीडियम (वाढवायचं अन्न) कुठलं यावर खूप बदलते. स्वतः मोजा आणि स्वतःचा आकडा लिहा.

मग ते वाढत का नाहीत? आधी आपल्या पद्धतीचं मूळ बघा. १८८१ च्या सुमारास फॅनी हेस यांनी अगार सुचवलं, ते जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत रुजलं, १८८७ मध्ये पेट्रीची बशी आली. हे सगळं रोगजंतूंसाठी उभं राहिलं. माणसाच्या अंगात राहणाऱ्या, भरपूर अन्नाची सवय असलेल्या जंतूंसाठी. ३७ अंश हे आपल्या अंगाचं तापमान आहे, बांधाचं नाही. मी पुढे मातीच्या सगळ्या प्लेट्स २८ अंशांवर ठेवायला लागले.

दुसरी गोष्ट अन्नाची. न्यूट्रिएंट अगारमध्ये लिटरला पाच ग्रॅम पेप्टोन, म्हणजे अर्धवट पचवलेलं प्रथिन, असतं. वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलेल्याला एकदम पंगतीला बसवून वाढत सुटावं, तसं होतं ते. जे भराभर खाणारे आहेत ते प्लेट व्यापून टाकतात आणि बाकीचे उठतच नाहीत. पाण्यातल्या जिवाणूंसाठी रीझनर आणि गेल्डराइच यांनी १९८५ मध्ये आर-टू-ए हे पातळ मीडियम दिलं, त्यात पेप्टोन लिटरला अर्धा ग्रॅम. मातीसाठी मी न्यूट्रिएंट ब्रॉथ (अगार नसलेलं द्रव मीडियम) शंभर पट पातळ करूनही वापरते. समुद्रातलं उदाहरण तर फार बोलकं आहे. सार-इलेव्हन नावाचा गट १९९० मध्ये केवळ जनुकाच्या खुणेवरून कळला. समुद्राच्या वरच्या थरात तो अफाट संख्येने आहे, पण बारा वर्षं कुणाच्या हाताला लागला नाही. २००२ मध्ये तो वाढला तो निर्जंतुक केलेल्या समुद्राच्याच पाण्यात, मोजक्या पेशी राहतील इतकं सॅम्पल पातळ करून. अगार नाही, पेप्टोन नाही.

आता ज्या गोष्टीने माझं स्वतःचं काम बदललं ती सांगते, कारण ती उद्या सकाळी तुम्ही करून बघू शकता. मीडियम बनवताना आपण फॉस्फेट, अगार, सगळं एकाच फ्लास्कमध्ये घालतो आणि ऑटोक्लेव्ह करतो. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की फॉस्फेट आणि अगार एकत्र तापवले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखम धुवायला वापरतात तेच. म्हणजे आपण वाढवायला निघालेल्या जिवाणूंच्या ताटात आपणच विष कालवतो. दणकट जातींना फरक पडत नाही, नाजूक जाती तिथेच संपतात.

मी दोन फ्लास्क केले. एकात दुप्पट तीव्रतेचं फॉस्फेट आणि क्षार, दुसऱ्यात दुप्पट अगार. वेगवेगळे ऑटोक्लेव्ह केले, वॉटर बाथमध्ये पंचावन्न अंशांवर आणले, लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) एकत्र ओतून हलक्या हाताने फिरवले, फेस येऊ न देता. मिश्रण गार झालं तर गाठी होतात, तेव्हा हात चालवायला हवा. शेजारी जुन्या पद्धतीच्या प्लेट्स ठेवल्या. माती तीच, तारीख तीच. तिसऱ्या आठवड्यात वेगळ्या केलेल्या प्लेट्सवर कॉलन्या दुपटीहून जास्त होत्या, आणि त्यातले काही रंग मी त्या मातीत त्याआधी कधीच पाहिले नव्हते. एक फिकट गुलाबी होती, टाचणीच्या डोक्याएवढी.

‘तिसऱ्या आठवड्यात’ हा शब्द वाचून दचकू नका. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन पोटातल्या वेटोळ्या जिवाणूच्या मागे होते. तीसहून जास्त रुग्णांचे नमुने झाले, प्लेट्स दोन दिवसांनी टाकल्या जात आणि काहीच मिळत नसे. ईस्टरच्या सुट्टीत प्लेट्स इन्क्युबेटरमध्येच राहिल्या आणि पाचव्या दिवशी हेलिकोबॅक्टर पायलोरी दिसला. २००५ चं नोबेल त्या कामाला मिळालं. माझ्या त्या पहिल्या चाळीस लाखांच्या प्लेट्स मी अजून महिनाभर ठेवल्या असत्या तर काय आलं असतं, हा विचार आजही मनात येतो.

जास्त दिवस ठेवायच्या तर प्लेट जाड ओता, पंचवीस-तीस मिली. कडेने पॅराफिल्म (ताणून चिकटणारी पट्टी) लावा, झिप पिशवीत ओल्या कापसाचा बोळा ठेवा, नाहीतर अगार पापडासारखं वाळतं. आठवड्यातून एकदा प्लेट दिव्यासमोर तिरपी धरून बघा, बारीक कॉलन्या सरळ बघताना दिसतच नाहीत. नवीन दिसली की खाली मार्करने तारीख टाका. उशिरा आलेल्यांवरच काम करायचं असतं, आणि त्या कुठल्या हे नंतर आठवत नाही.

न वाढण्यामागे शेजाऱ्यांचंही कारण आहे. प्रॅक्टिकलला तुम्ही ब्लड अगारवर स्टॅफिलोकॉकसची रेघ ओढून हिमोफिलस हा जिवाणू पाहिला असेल. दवबिंदूंसारख्या कॉलन्या फक्त त्या रेघेच्या कडेने येतात, कारण वाढीला लागणारा एनएडी हा रेणू त्यांना स्टॅफिलोकॉकस पुरवतो. परीक्षेपुरता पाठ केलेला तो प्रयोग खरं तर या सगळ्या विषयाचं दार आहे. बोस्टनजवळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतले काही जिवाणू शेजाऱ्याने सोडलेल्या लोह पकडणाऱ्या रेणूंशिवाय वाढत नाहीत, हे २०१० मध्ये दिसलं. तिथल्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस आणि स्लावा एपस्टाइन यांनी जिवाणूला घरातून बाहेर काढायचंच नाही असं ठरवलं. बारीक छिद्रांच्या पडद्यांमध्ये एकेक पेशी ठेवायची आणि ते यंत्र परत मातीत पुरायचं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या मातीतून त्यांना असाच इलेफ्थेरिया टेरी मिळाला आणि त्याच्यापासून टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक, २०१५ मध्ये.

आणि काही खरोखरच येत नाहीत. कुष्ठरोगाचा जिवाणू हॅन्सनने १८७३ मध्ये पाहिला, आजतागायत तो कुठल्याही प्लेटवर वाढलेला नाही. उंदराच्या पंजात किंवा आर्माडिलो या प्राण्यातच वाढवावा लागतो, आणि दुप्पट व्हायला जवळपास दोन आठवडे घेतो. २००१ मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा शेकडो जनुकं मोडून पडलेली आढळली. एकटं जगण्याची सामग्रीच त्याने गमावली आहे. तिथे मीडियम बदलून भागत नाही.

चार महिन्यांच्या डिझर्टेशनला नुसतं ‘न वाढणारे जिवाणू वाढवणे’ घेऊ नका. सोबत त्याच सॅम्पलचं १६एस सिक्वेन्सिंग (जिवाणू ओळखायच्या जनुकाचं वाचन) ठेवा, म्हणजे हातात काहीतरी राहील आणि कोण आलं नाही तेही कळेल. नवीन जात मिळालीच तर तिचं नाव मान्य होण्यासाठी जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावं लागतं. आपल्याकडे पुण्यातलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हे काम करतं. त्यामुळे कल्चर टिकवणं हा अर्धा लढा आहे.

आणि तो तिथेच हरला जातो, पहिल्या सब-कल्चरला. बारीक कॉलनी नव्या प्लेटवर एकटी नेली की बहुतेक वेळा येत नाही. माझी गुलाबी दोनदा अशीच गेली. तिसऱ्यांदा मी जवळच्या मोठ्या कॉलनीचं ब्रॉथ वाढवलं, जिवाणू अडवणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, ते नव्या अगारमध्ये थोडं मिसळलं आणि त्यावर तिला ठेवलं. सव्वीस दिवसांनी ती आली. तोवर मूळ प्लेट फ्रिजमध्ये टाकली नव्हती, २८ अंशांवरच ठेवली होती, आणि त्यामुळेच तिसरी संधी मिळाली.