शेततळ्यात मासे सोडताय? आधी होळीचं पाणी आठवा

आमचं शेततळं खोदलं ते डाळिंबासाठी, मासे नंतर सुचले. बहुतेकांचं असंच होतं. म्हणून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, आणायला निघण्याआधी एक आठवा: गेल्या होळीला तळ्यात किती पाणी होतं? माशांना निदान पाच फूट पाणी हवं. बाग मार्चपासून पाणी ओढायला लागते, तेव्हा मासे आणि झाडं एकाच ताटात जेवतात. पाणी होळीच्या आधीच पाच फुटांखाली जात असेल तर मासेही तोवर विकून मोकळं व्हायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

पुढचा हिशेब ३० बाय ३० मीटरच्या, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांच्या, प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा आहे. 'मागेल त्याला शेततळे' योजनेत हेच सर्वांत मोठं माप होतं.

पाणी हिरवं करा

मातीच्या तळ्यात माशांचं नैसर्गिक खाद्य आपोआप तयार होतं. प्लॅस्टिकच्या तळ्यात माती नाही, त्यामुळे नुसतं विहिरीचं पाणी म्हणजे माशांना उपासच. बीज सोडण्याच्या दहा-बारा दिवस आधी शंभर-दीडशे किलो ताजं शेण आणि थोडं सुपर फॉस्फेट जाळीदार पोत्यांत भरून कडेने पाण्यात लोंबकळत ठेवा. मोकळं टाकू नका, गाळ तळाशी कुजतो. मग हात कोपरापर्यंत बुडवून बघा. बोटांची टोकं जेमतेम दिसेनाशी झाली की पाणी तयार. हात मनगटाशीच दिसेनासा झाला तर पोती काढा, जास्त झालं.

शेवाळ मारायला मोरचूद टाकायची सवय असेल तर ती आता सोडा. माशांना ते विष आहे. ठिबकच्या फिल्टरमध्ये मात्र शेवाळ अडकणारच. वाळूचा फिल्टर बसवा आणि तो वरचेवर धुवा.

बीज

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. चार-तीन-तीन हे प्रमाण रूढ आहे, पण प्लॅस्टिकच्या तळाशी मृगळाला फारसं मिळत नाही, म्हणून मी तो कमी करून रोहू वाढवतो. नऊ गुंठ्यांना ५०० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पुरे. मत्स्यजिरे, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं, स्वस्त मिळतात म्हणून हजारोंनी आणू नका; त्यातले जगतात थोडे, आणि किती जगले ते कळतही नाही. बोटाएवढी पोरंच घ्या.

विकणारा वाटीने मोजून देतो. पहिली वाटी आपल्यासमोर एकेक मोजायला लावा, मग पुढच्या वाट्या. पहिल्या वर्षी मी संकोचलो, आणि तळं उपसल्यावर मासे कमी का निघाले याचं उत्तर मला त्या वाटीतच सापडलं.

हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बीज दरवर्षी आणावं लागतं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या, माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून नदीतल्या बीजावरचं अवलंबन सुटत गेलं. चिलापीचं (तिलापियाचं) उलट आहे: ती चुकून शिरली तर तळंभर चिल्लर करून ठेवते. थाई मांगूर कुणी देऊ केला तर नाही म्हणा, त्यावर बंदी आहे.

ऑगस्टमध्ये, सकाळी, बीजाची पिशवी न उघडता वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तिच्यात तळ्याचं पाणी थोडं थोडं घाला आणि पिशवी आडवी करा. पोरं आपली आपण बाहेर पडतात.

रोजचं काम

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, भिजवून, भोकं पाडलेल्या गोणीत घालून टांगा. सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या पाच टक्के, पुढे दोन-तीन टक्के. संध्याकाळी गोणीत उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी घाला.

सलग चार दिवस ढग राहिले की पहाटे तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंडं उघडून हवा गिळत असतील तर पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. खाद्य बंद करा, मोटर लावा आणि पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यातच पाडा. त्या वेळी वीज असेलच असं नाही, म्हणून मी इंजिन शेजारून मागून ठेवतो.

आणि एक, माशांशी संबंध नसलेलं: ओल्या प्लॅस्टिकवरून माणूस वर येऊ शकत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडा, एक हवा भरलेली ट्यूब ठेवा, कुंपण घाला.

हिशेब

समजा ५०० पैकी ३५० मासे सातशे ग्रॅमचे झाले: २४५ किलो. खाद्य १६,०००, बीज २,०००, शेण, जाळं, मजुरी ४,०००. एकूण खर्च २२,०००. व्यापाऱ्याने १२० रुपये किलोने नेले तर २९,४०० येतात, उरतात ७,४००. तेच तळ्याच्या काठावर १६० ने विकले तर ३९,२०० येतात आणि १७,२०० उरतात. मासे तेवढेच. म्हणून सगळे एकदम काढू नका.

अनुदान आणि किसान क्रेडिट कार्डची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात करा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मिळतात. पण अनुदान धरून हिशेब मांडू नका.

विक्री

शनिवारी संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाका: उद्या सात वाजता, जिवंत मासे. जाळ्यासाठी भोई बोलवा. शिशाचे वजनदार मणी प्लॅस्टिक फाडतात, हे त्यांना आधी सांगा. मासे साफ करून द्यायला गावातल्याच दोघी-तिघींना बसवा, किलोमागे दहा रुपये गिऱ्हाईक आनंदाने देतं आणि ते पैसे त्यांचे. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार सोडून द्या. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते आणि त्याच सुमारास गटारी येते. तोवर पाणी टिकणार असेल तर थोडे मासे राखून ठेवायला हरकत नाही.

खवले-आतडी नारळाच्या आळ्यात पुरा. काठावर टाकलीत तर सोमवारपासून कुत्री तिथेच मुक्काम ठोकतात.