सहा तासांचे रसायन, सहा वर्षांचे मूल

पुण्यात जीवरसायनशास्त्राची एम.एस्सी. करून मी अमेरिकेतल्या एका अभ्यासगटात दाखल झाले, तेव्हा संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांचे संशोधन म्हणजे पेशी आणि सूक्ष्मदर्शक, अशी माझी समजूत होती. गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या त्या अभ्यासात माझे पहिले काही महिने लघवीच्या नमुन्यांच्या कुप्यांवर क्रमांक चिकटवण्यात आणि त्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये रचण्यात गेले.

पण या विषयाची खरी मेख त्या कुप्यांतच आहे. कडक प्लॅस्टिकमध्ये आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या लेपात वापरले जाणारे बिस्फेनॉल ए पोटात गेले, तर त्याचे प्रमाण साधारण सहा तासांत निम्म्यावर येते आणि प्लॅस्टिक मऊ करणारे थॅलेटही एक-दोन दिवसांत बहुतांशी बाहेर पडतात. मुलाची भाषा, वर्तन किंवा वयात येणे मात्र आपण कित्येक वर्षांनी मोजतो. आदल्या रात्री पत्र्याच्या डब्यातले सूप प्यालेल्या स्त्रीच्या एकाच नमुन्यावरून तिच्या नऊ महिन्यांविषयी बोलणे धाडसाचे ठरते. म्हणून प्रत्येकीचे निदान दोन-तीन वेळचे नमुने घेणाऱ्या अभ्यासातच नवख्याने काम मागावे, असे माझे मत आहे. न चिकटणाऱ्या भांड्यांत वगैरे वापरल्या जाणाऱ्या आणि रक्तात काही वर्षे टिकणाऱ्या अनेक पीएफएएस (फ्लोरिनयुक्त) रसायनांच्या बाबतीत ही अडचण बरीच सौम्य होते.

घरातल्या धुळीत थॅलेट शोधताना माझी चांगलीच फजिती झाली. धूळ नसलेल्या, केवळ तुलनेसाठी ठेवलेल्या ब्लँकमध्येही डीईएचपी हे थॅलेट दिसू लागले, आणि चार दिवसांच्या शोधाशोधीनंतर दोषी निघाली ती मीच जोडलेली मऊ प्लॅस्टिकची नळी. लघवीत मूळ थॅलेटऐवजी शरीराने त्याचे विघटन करून बनवलेले मोनोएस्टर मोजतात, त्यामागेही मुख्यतः हीच कटकट आहे.

यंत्र चालवणे हाताखाली राहून येते. संख्याशास्त्र मात्र आधीच पक्के करून यावे. लघवी पातळ की दाट याची दुरुस्ती क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ पदार्थाने करण्याचा प्रघात असला, तरी ते स्नायूंच्या वाढीनुसार बदलत असल्याने वाढत्या मुलांसाठी विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत लघवीची घनता) अधिक सोयीचे पडते, हे मला उशिरा उमगले.

आकडे हाती आले की आया विचारतातच. पुण्याहून माझ्या मावसबहिणीनेही बाळाच्या बाटलीविषयी विचारले होते. दूध पाजण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांसाठीच्या २०१५ च्या भारतीय मानकात बिस्फेनॉल एला मनाई आहे, हे मी तिला लगेच सांगितले. त्याच घराण्यातल्या बिस्फेनॉल एसविषयी तिने पुढे विचारले, तेव्हा काचेची बाटली घे, एवढेच म्हणाले.