तळताना लक्ष पाण्यावर ठेवा

आमच्याकडे लाटणं बायकोकडे आणि झारा माझ्याकडे. ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत झाली, ती करंज्या लाटून भरून कातून वैतागली होती आणि मी ओट्याशी उभा राहून सारण खात होतो, म्हणाली नुसता खाऊ नकोस, तळ. तळल्या. दुसऱ्याच घाण्यात एक करंजी फुटली, सारण तेलात सांडलं, खोबऱ्याचा कोळसा झाला, साखर बुडाशी जाऊन जळली आणि पुढच्या सगळ्या करंज्या काळ्या ठिपक्यांच्या निघाल्या. सासूबाईंनी एक उचलली, उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "छान झाल्यात हो, नजर नाही लागायची."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात जे जे बिघडू शकतं ते बहुतेक बिघडवून झालंय आणि माझं मत असं झालंय की माणसं तळताना तेलाची काळजी करत बसतात आणि खरी गडबड पाणी करतं. पदार्थातलं, पिठातलं, हाताला लागलेलं, धुतलेल्या कढईत राहिलेलं.

म्हणजे कसं बघा. वडा तेलात सोडला की त्याच्या कडेच्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे दिसतात ते तेच. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १६०० पट जागा मागते, त्यामुळे जोरात बाहेर येते आणि ती येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. तेल कोमट असलं की वाफेला जोर नाही, मग वडा निवांत तेल पीत बसतो. बुडबुडे कमी झाले, चुरचुर आवाज बारीक झाला की आतलं पाणी संपत आलं. चकली, शेव, शंकरपाळे यांना हीच खूण लावायची, रंगापेक्षा भरवशाची आहे. वड्याभज्यांना नाही, त्यांना आतून मऊच ठेवायचं असतं.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती ही की तेल पिण्याचं बरंचसं काम पदार्थ बाहेर काढल्यावर होतं. बाहेर आला की आतली वाफ थंड होऊन आकसते आणि अंगावरचं तेल आत ओढून घेते. म्हणून झारा कढईच्या काठाला टेकवून दहा-पंधरा सेकंद तेल नीट निथळू द्या, तिथेच गरम गरम असताना. मग चाळणीत उभे करून ठेवा. कागदावर ढीग घातला की खालचे बिचारे वाफेने मऊ पडतात, आणि वर्तमानपत्र तर नकोच, शाई लागते.

आता तापमान. बहुतेक सगळं तळण १६० ते १९० अंशांच्या मधे होतं. थर्मामीटर असेल तर उत्तम, माझ्याकडे आहे आणि तो कुठल्या ड्रॉवरमधे आहे ते माहीत नाही. पिठाचा एक थेंब टाकून बघायचा: बुडाशी बसून राहिला तर अजून वेळ आहे, हळूहळू वर आला तर शंकरपाळे-चकलीला ठीक, टाकल्या टाकल्या उसळून वर आला तर वडे, भजी, पुऱ्या सोडा. आला आणि लगेच लाल झाला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा किंवा थोडं गार तेल घाला. तेल तापलं का बघायला पाण्याचा हात झटकणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून ते करू नका.

कढई जाड बुडाची घ्या आणि तेल अर्ध्याच्या वर नको. एकदा पाहुणे यायच्या घाईत मी फ्रोझन फ्राइज पाकिटातून थेट कढईत ओतले होते, त्यांना बर्फाची भुकटी चिकटलेली, सगळ्याची एकदम वाफ, तेल फेस होऊन काठावरून ओट्यावर, ओट्यावरून बर्नरवर. नशीब बायको जवळ होती, तिने गॅस बंद केला, मी नुसता झारा धरून उभा. असे पदार्थ बर्फ झटकून, मूठमूठच टाकायचे. एरवीही घाणा लहान ठेवा, दहा वड्यांच्या जागी सहा. खूप गर्दी केली की तेल गार पडतं, आणि मग सगळे म्हणतात बेसन खराब होतं.

आता साबुदाणा वडा. याच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या कपाळावर अजून एक खूण आहे. आषाढी एकादशी होती, भाड्याचा फ्लॅट, वडा छान सोनेरी होत आलेला आणि फाट्कन आवाज, तेल छतापर्यंत. फ्लॅट सोडताना घरमालकांना तो डाग कशाचा हे सांगायचा धीर झाला नाही. होतं असं की साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, गरम तेलात बाहेरचा थर चिकट होऊन घट्ट बंद होतो, आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि वड्याचा फटाका होतो. उपाय भिजवण्यातच आहे. साबुदाणा धुवून पाणी जेमतेम बरोबरीचं ठेवा, पाच-सहा तास, मग दाणा बोटांनी चिमटला की पूर्ण चिरडला पाहिजे, मधे टणक कणी नको आणि खाली पाणी साचलेलंही नको. ओला वाटला तर अर्धा तास चाळणीत पसरून ठेवा. बटाटा चिकट नको, थंड झालेला घ्या, कूट जाडसर पण अख्खे दाणे नाहीत. वडा थापताना आत हवा राहू देऊ नका, गोळा नको, चपटा करा आणि मधे बोटाने दाबून खळगा करा. आणि तळताना चेहरा कढईवर नेऊन "झालाय का" असं बघायचं नाही. मी तसंच बघत होतो.

अख्खी मिरची तळायची तर तिला आधी चीर द्या, कारण तेच.

चकलीचं दुखणं वेगळं. मोहन कमी पडलं की चकली कडक, जास्त झालं की तेलात सुटून तिचा भुगा. सोऱ्यातून पाडतानाच तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा चांगलं मळा. आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून रंग येतो, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला की सगळ्या मऊ. गरम असताना डब्यात भरल्या तरी तेच, वाफ झाकणाला धरते आणि परत खाली पडते. पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर नाही तरी दोन तास, आणि तोवर घरातल्यांपासून लपवा.

अनारशांवर मी बोलू नये. एकदाच केले आणि हसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अनारसा तुपात सोडल्यावर विरघळून पसरतो त्याला हसणं म्हणतात, आणि तो हसतो तेव्हा घरात बाकी कोणी हसत नाही. आईच्या मते पीठ सैल झालेलं, तांदूळ तीन दिवस भिजवून उपसल्यावर ते नीट सुकवले नव्हते, म्हणजे इथेही पाणीच. तिने त्याच पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून वाचवले, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, मंद आचेवर वरून झाऱ्याने तूप उडवत. जाळी पडली.

भज्यांना मात्र पाण्याची मदत घ्यायची. कांदा उभा पातळ चिरून मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, कांद्याला सुटलेल्या पाण्यातच बसेल एवढं बेसन घाला, वरून पाणी घालू नका, खेकडा भजी अशीच कुरकुरीत होतात. सोडा चिमूटभर, त्याच्यापेक्षा जास्त झाला की भजी तेल पितात. पुरीचं पीठ घट्ट मळा, तेल चांगलं तापलेलं ठेवा आणि झाऱ्याने हलकं दाबा, बास. पुरी फुगते ती पण वाफेनेच.

तेल पेटण्याबद्दल थोडं गंभीर बोलतो. तेलातून धूर यायला लागला की गॅस बंद, फोन आला म्हणून हॉलमधे जायचं नाही. पेटलंच तर गॅस बंद करा आणि मोठं स्टीलचं झाकण किंवा ताट बाजूने सरकवत कढईवर ठेवा, गार होईपर्यंत उघडू नका. पाणी अजिबात नाही, ते जड असल्यामुळे तेलाच्या खाली जातं, तिथे त्याची एकदम वाफ होते आणि पेटतं तेल घरभर उडतं. कढई उचलून बाहेर पळायचंही नाही. आवरत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ लावा. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. अख्ख्या तळणात पाण्यावर एवढ्याच एका ठिकाणी विश्वास ठेवायचा.

उरलेलं तेल गार झाल्यावर पातळ कापडातून गाळा, कारण बुडाशी जे जळकं पीठ असतं ते तेल लवकर खराब करतं, आणि लोखंडी कढईत तसंच रात्रभर ठेवू नका, लोखंडाने तेल लवकर खवट होतं. फोडणीला, भाजीला चार-पाच दिवसांत संपवा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलासाठी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे, टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडताना त्यात तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. घरी कोण मोजणार, तेव्हा काळपट झालं, दाट झालं, वास आला, तापवताना फेस धरायला लागलं की सोडून द्या. सिंकमधे ओतू नका, पाइप तुंबतो, बाटलीत भरून ठेवा.

आणि हो, बटाटेवड्यांच्या दिवशी भांड्याला चिकटलेलं शेवटचं पीठ धुऊन टाकू नका. बोटांनी तेलात शिंतोडा, कुरकुरीत झालं की काढा आणि लसणाची सुकी चटणी भुरभुरवा. हा चुरा तळणाऱ्याचा. बाहेर जेवायला बसलेल्यांना त्याच्याबद्दल सांगायची काही गरज नाही.