मानाच्या भिंतीवर कोणाची तसबीर लावावी, हे ठरवताना

मिरजेजवळच्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, आपल्या भागातील गायक-वादकांच्या तसबिरींसाठी एक भिंत मोकळी ठेवायचे ठरले. मोजून पाहिले तेव्हा तिच्यावर बारा तसबिरी नीट बसतील असे दिसले, आणि पहिल्याच बैठकीत चाळीसहून अधिक नावे पुढे आली. त्या संध्याकाळी दोन तास बोलणे झाले, चहा दोनदा आला, आवाज चढले, आणि एकही नाव पक्के न होता आम्ही घरी गेलो. पुढे दीड-दोन वर्षांत ही चर्चा कशी चालवावी हे आम्ही अडखळत शिकलो. सांगली-सातारा भागात अशीच भिंत किंवा असेच दालन उभारू पाहणाऱ्या मंडळांना उपयोग व्हावा, म्हणून ते येथे लिहीत आहे. माझे मुख्य सांगणे असे की नाव घेण्याआधी कसोटी ठरवावी, आणि कसोटी ठरवताना गाण्याच्या मागे राहून ज्यांनी गाणे शक्य केले त्यांनाही तिच्यात जागा ठेवावी.

सुरुवात ‘आपला’ या शब्दापासून करावी, कारण निम्मी भांडणे तेथेच असतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचा जन्म 1872 साली उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला, पण ते मिरजेत राहिले आणि 1937 साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफन मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, म्हणजे आजच्या हिशेबाने कोल्हापूर जिल्ह्याचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाल्यावर ते मिरजेत आले, मिरज संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 साली त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते थेट लाहोरला. हिराबाई बडोदेकर 1905 साली मिरजेत जन्मल्या, पण त्यांची कारकीर्द मुख्यतः पुण्या-मुंबईकडे घडली. लता मंगेशकर इंदूरला जन्मल्या आणि त्यांच्या बालपणाची काही वर्षे सांगलीत गेली. जन्म हा निकष धरला तर खाँसाहेब, पलुस्कर आणि लताबाई तिघेही बाहेर राहतात. वास्तव्य धरले तर तिघेही आत येतात. आणि येथे प्रत्यक्ष केलेले काम धरले तर आणखी वेगळीच यादी तयार होते. यातला कोणताही निकष चुकीचा नाही, मात्र चर्चा चालू असताना प्रत्येकाने आपल्या नावापुरता सोयीचा निकष उचलू नये. आम्ही शेवटी फळ्यावर एक वाक्य लिहिले: ज्यांच्या कलेला या भागातील माणसांनी, गुरूंनी किंवा कारागिरांनी आकार दिला, किंवा ज्यांनी येथील कलेला आकार दिला, ते आपले. हे वाक्य इतर मंडळांना पटलेच पाहिजे असे नाही, पण असे एखादे वाक्य पहिल्या नावाआधी लिहून व्हावे.

त्यानंतर काळाची अट घालावी. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, कलाकाराचे पहिले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होऊन 25 वर्षे झाल्याशिवाय त्याचे नाव विचारात घेतले जात नाही. ही अट मला शहाणपणाची वाटते, कारण गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात गाजलेला आवाज आणि पुढच्या पिढीलाही पुरणारा आवाज यांतला फरक तिच्यामुळे आपोआप दिसू लागतो. पण ती आपल्याकडे जशीच्या तशी आणता येत नाही. तमाशातील किंवा भजनी मंडळातील कलावंताचे ध्वनिमुद्रण झालेलेच नसते, आणि ध्वनिमुद्रणाची तारीख मागितली की तो दारातूनच परत जातो. म्हणून पहिल्या जाहीर कार्यक्रमापासून 25 वर्षे मोजावीत, आणि कार्यक्रमाची जुनी पत्रिका, जत्रेचा हँडबिलाचा कागद किंवा एकमेकांशी नाते नसलेल्या दोन वृद्ध श्रोत्यांची जुळणारी आठवण यांपैकी काहीही पुरावा म्हणून चालवावे.

आता खऱ्या कसोटीकडे यावे. लोकप्रियता आणि पुरस्कार या दोन्ही गोष्टी मोजायला सोप्या असतात, म्हणून बैठक त्यांच्याकडेच घसरते. पुरस्कारांच्या बाबतीत एक साधा हिशेब सर्वांपुढे मांडावा. संगीत नाटक अकादमीचे पुरस्कार 1952 पासून आणि पद्म पुरस्कार 1954 पासून दिले जाऊ लागले. बाळकृष्णबुवा 1926 साली गेले, खाँसाहेब 1937 साली आणि रेठरे हरणाक्षचे लावणीकार पठ्ठे बापूराव 1945 साली. या तिघांना यांपैकी कोणताही सन्मान मिळणे शक्यच नव्हते. पुरस्कार मोजत बसलो तर आपल्या भागातील सर्वांत मोठी माणसे पहिल्याच फेरीत गळतील. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती 2012 साली, वयाच्या नव्वदीच्या पुढे. त्यांची लावणी आणि त्यांची अदाकारी त्या सन्मानाच्या कितीतरी वर्षे आधी तितकीच थोर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पुरस्कार हा पुराव्याचा एक लहानसा तुकडा आहे, एवढेच त्याचे वजन राहते.

आम्हाला सर्वांत उपयोगी पडला तो प्रश्न असा: हे माणूस नसते तर नंतरच्यांचे नेमके काय अडले असते? याचे उत्तर नावाने आणि घटनेने द्यावे लागते, विशेषणांनी देता येत नाही. खाँसाहेबांपुरते पाहायचे तर सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांकडे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर शिकले. लहान भीमसेनने खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका ऐकली, त्या आवाजाने तो झपाटला आणि 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. याला प्रभाव म्हणावे. बाळकृष्णबुवांचे उत्तरही असेच भक्कम आहे. ग्वाल्हेरची गायकी त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. त्यांच्याकडून एक धागा पलुस्करांमार्फत देशभरच्या संगीत विद्यालयांपर्यंत गेला आणि दुसरा साताऱ्याच्या किन्हईचे अंतुबुवा जोशी यांच्यामार्फत औंधला. अंतुबुवांनी 1940 साली आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला औंधचा संगीतोत्सव आजही भरतो. ज्या नावाच्या समर्थनार्थ ‘फार गोड गळा होता’ यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही, ते नाव आदराने पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

हाच प्रश्न प्रत्येकाला त्याच्या कलेच्या आत विचारावा. ख्यालगायक आणि शाहीर यांना एकाच तागडीत घालून कोण मोठा असे विचारण्यात अर्थ नसतो, आणि अशा तुलनेत दर वेळी शाहीरच हलका ठरवला जातो, असे मी अनेकदा पाहिले आहे. मागे एका संस्थेच्या अशाच यादीत तमाशाचे एकही नाव नव्हते. विचारल्यावर ‘ते संगीतात बसत नाही’ असे उत्तर मिळाले आणि विषय संपवला गेला. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी घरची वतनदारी आणि समाजातील प्रतिष्ठा सोडून लावणी लिहिली, फड उभा केला, आणि नंतरच्या तमाशाला पदांचा असा साठा दिला की तो वगळून तमाशाचा इतिहास सांगता येत नाही. हे संगीत नसेल तर संगीत कशाला म्हणायचे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

श्रेय कोणाचे, हा प्रश्न लोककलेत फार वेळा येतो आणि त्याच्यासाठी वेळ राखून ठेवावा. बापूरावांचे नाव घेताना पवळाबाईंचे नाव घ्यावेच लागते, कारण लिहिलेली लावणी लोकांपर्यंत पोहोचली ती त्यांच्या गळ्यातून आणि पायांतून. कवलापूरचे काळू-बाळू हे तमाशातले बंधू एकाच चौकटीत बसतात, त्यांना वेगळे काढणे कोणालाही सुचणार नाही. वाई तालुक्यातील पसरणीच्या शाहीर साबळे यांच्या बाबतीत आमची चर्चा लांबली. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे 2023 साली राज्यगीत झाले आणि ते साबळ्यांच्याच आवाजात घराघरांत आहे. पण शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची. तेव्हा त्या एका गीतावर साबळ्यांची तसबीर उभी करू नये. मुक्तनाट्ये आणि महाराष्ट्राच्या लोककला एका मंचावर आणणारी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हे त्यांचे स्वतःचे काम आहे, आणि तेवढ्यावर ती भक्कम उभी राहते.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. तंबोरा नसेल तर गाणारा कोठे बसणार? आणि देशातील असंख्य गवयांच्या मागे लागणारा तंबोरा एकोणिसाव्या शतकापासून मिरजेत घडतो आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून ही कारागिरी आली. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव तिच्या मुळाशी घेतले जाते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या बैठकीत मात्र ‘ते कारागीर, कलाकार नव्हेत’ असा आक्षेप आला. त्यावर आम्ही वाद थांबवला आणि सात-आठ जण एका सकाळी सतारमेकर गल्लीत जाऊन बसलो. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून बसवत होते. हाडाच्या घोडीच्या पाठीवर त्यांनी कानस दोन-तीनदाच, अगदी हलकी फिरवली, भुकटी फुंकली, तार चढवली, छेडली आणि मान हलवली; तार उतरवून पुन्हा कानस, पुन्हा तार. असे किती वेळा झाले ते आम्ही मोजायचे विसरलो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून त्यांनी तो केसभर पुढे, केसभर मागे केला, आणि एका जागी आल्यावर त्या कोरड्या टणत्काराचा एकदम गुंजारव झाला. खोलीतले कोणीही बोलले नाही. ज्यांनी आक्षेप घेतला होता, त्यांनीच परत येताना रिक्षात कारागिरांसाठी दोन चौकटी राखून ठेवण्याची सूचना केली.

यात आपण काही वेगळे करतो आहोत असेही नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने 1992 साली गिटार बनवणारे लिओ फेंडर यांना मानाने आत घेतले, आणि फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. साथीदारांसाठीही तेथे 2000 साली स्वतंत्र विभाग झाला. आपल्याकडे तबला, पेटी, ढोलकी आणि तुणतुणे वाजवणारी किती माणसे आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाच्या फलकाखाली बसली, याचा विचार करून साथीदारांसाठीही जागा राखावी.

बैठक चालवण्याचे नियम थोडक्यात सांगतो. ज्याने नाव सुचवले त्याने एक पानभर टिपण लिहून आणावे आणि सोबत ऐकवण्यासाठी तीन-चार मिनिटांचे काहीतरी आणावे. जुन्या 78 फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू साधारण तेवढीच असते, आणि तेवढ्यात खाँसाहेब काय करून गेले ते ऐकले म्हणजे वेळ कमी पडल्याची तक्रार कोणी करत नाही. ऐकून झाल्याशिवाय बोलू नये. विरोध करणाऱ्याने आधी त्या कलावंताच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा स्वतःच्या तोंडाने मांडावा आणि मगच हरकत घ्यावी. या एका नियमाने आमच्याकडचे चढलेले आवाज खाली आले. कलावंताच्या नातेवाइकांनी आणि गंडाबंध (गुरूकडून रीतसर दीक्षा घेतलेल्या) शिष्यांनी माहिती जरूर द्यावी, पण मत देऊ नये. वडीलधाऱ्यांच्या आठवणी प्रेमाने ऐकाव्यात आणि टिपून घ्याव्यात, मात्र आठवण आणि पुरावा यांची पाने वेगळी ठेवावीत. मतदान चिठ्ठीने करावे आणि दोन तृतीयांश मते मिळाल्याशिवाय नाव पक्के करू नये.

पहिल्याच वर्षी सगळ्या चौकटी भरू नयेत. क्लीव्हलँडच्या संस्थेने 1986 साली कलाकार म्हणून पहिली दहा नावे निवडली, त्यांत एकही स्त्री नव्हती. अरेथा फ्रँकलिन यांना 1987 साली घेतले गेले तेव्हा त्या पहिल्या ठरल्या. घाईने केलेल्या यादीत कोण राहून गेले हे नंतरच दिसते. आमची पहिली सहा नावे लिहून झाल्यावर त्यांत हिराबाई आणि यमुनाबाई दोघीही नव्हत्या, हे एका महाविद्यालयीन मुलीने उभे राहून दाखवले, आणि ती सभा आम्ही तेथेच तहकूब करून यादी पुन्हा उघडली. आता आम्ही वर्षाला दोनच तसबिरी लावतो. कलावंत हयात असेल तर आधी घरी जाऊन विचारावे. 2022 साली अमेरिकन गायिका डॉली पार्टन यांनी आपण क्लीव्हलँडच्या या मानास अजून पात्र नाही असे सांगून नाव मागे घ्यायला सांगितले होते, पुढे तो मान स्वीकारला; संकोच वाटणाऱ्या कलावंताला असा वेळ द्यावा.

तसबिरीखालची पाटी हे चर्चेचे शेवटचे आणि अवघड काम असते. चाळीस शब्दांत गुरूचे नाव, एका तरी शिष्याचे किंवा साथीदाराचे नाव, आणि त्या माणसामुळे बदललेली एक गोष्ट यावी. ‘सुप्रसिद्ध’, ‘महान’ यांसारखे शब्द टाळावेत. ज्या कारागिराचे छायाचित्र कोठेच मिळत नाही, त्याची चौकट रिकामी ठेवू नये: काचेमागे हाडाची एक जुनी घोडी ठेवावी, तिच्यावर तारेचा तुकडा आणि त्याखाली सुताचा धागा, जेथे गुंजारव निघाला होता नेमका त्या जागी.